‘केबल दाखवेना झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

“दादा, केबल दाखवेना झालंय बघा.”

महिन्यातून चार-पाचदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. ही केबल टीव्हीची नव्हे, कारखान्यातल्या मशीनला लॅपटॉप जोडायची. कधी बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमधून, कधी मच्छ्याहून, उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-चिक्कोडीकडून. मी फोनवर पहिल्यांदा एकच विचारतो, “आवाज आला काय?”

“कसला आवाज ओ?”

“केबल लॅपटॉपला लावली की टुडुंग करून वाजतं, तो.”

मग पलीकडे केबल काढल्याचा, परत खुपसल्याचा खडखडाट. “वाजतंय की! खरं सॉफ्टवेअरमध्ये दाखवेना झालंय. ड्रायव्हरपण तीनदा टाकलाव.”

इथं निम्मं निदान झालं. आवाज येत असेल तर केबल जिवंत आहे, लॅपटॉपला तिची चाहूल लागली आहे, आणि घोटाळा पुढे कुठंतरी आहे. आवाज नसेल (आणि लॅपटॉप म्यूट नसेल, हे आधी बघा) तर ड्रायव्हर तीनदा टाका नाहीतर तीसदा, काही उपयोग नाही. ‘दाखवेना’ या एका शब्दात निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि पाचही जणींना आपण एकच औषध देत बसतो: ड्रायव्हर, म्हणजे नवी वस्तू कशी चालवायची ते लॅपटॉपला सांगणारं सॉफ्टवेअर.

आपण बोलतोय ती केबल कुठली, ते आधी सांगतो. प्रेस, हायड्रॉलिक पॉवर पॅक, फाउंड्रीतला सँड प्लांट, पॅकिंग मशीन यांच्या पॅनेलमध्ये एक पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बसलेला असतो. मशीनने कधी काय करायचं, हा प्रोग्राम त्याच्या पोटात असतो. तो प्रोग्राम बघायचा, बदलायचा, नाहीतर नुसता बॅकअप घ्यायचा म्हटलं तरी लॅपटॉप आणि पीएलसी यांच्यात एक केबल लागते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला आठ पिनांचं गोल तोंड किंवा नऊ पिनांचं चपटं. तिला आपण केबल म्हणतो, पण ती नुसती वायर नाही. यूएसबीच्या बाजूचं जे जाडजूड प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्यात एक छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर एक चिप असते. पूर्वी लॅपटॉपला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असायचा, तेव्हा साधी वायर चालत होती. पुढे लॅपटॉपवाल्यांनी तो पोर्ट काढून टाकला. कारखान्यातली जुनी मशीनं मात्र अजून तीच सीरियल भाषा बोलतात. म्हणून मध्ये हा दुभाषा आला. आपली केबल म्हणजे शेपटी फुटलेला दुभाषा.

आता हा दुभाषा लॅपटॉपच्या दारात उभा राहिल्यावर काय काय घडतं ते बघू. आपल्या घरी अनोळखी पाहुणा आला तर तो आधी कडी वाजवतो, मग नाव-गाव सांगतो, मग घरातलं कोणीतरी म्हणतं “हां, हे आपले अमक्याचे,” मग त्याला खोली दाखवतात आणि मग गप्पा सुरू होतात. यूएसबीचंही अगदी असंच आहे. पाहुणा नेमका कुठल्या पायरीवर अडलाय, तेवढं शोधायचं.

कडी वाजते कशी?

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. लॅपटॉपने आपल्या बाजूने दोन्ही डेटा तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरने खाली, म्हणजे शून्याकडे, ओढून धरलेल्या असतात. केबलमधल्या चिपला पाच व्होल्ट मिळाले की ती हिरवी तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढते. त्याबरोबर लॅपटॉपला कळतं की कोणीतरी आलं. कडी वाजली म्हणजे एवढंच झालं. यात विंडोजची आवृत्ती, ड्रायव्हर, इंटरनेट यांचा काडीचा संबंध नाही.

म्हणून कडीच वाजत नसेल तर काम पान्या-पकडीचं आहे, माऊसचं नाही. दुसरा पोर्ट घ्या. हब किंवा एक्सटेन्शन मध्ये असेल तर काढून टाका. डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडून मागचे, थेट मदरबोर्डवरचे वापरा; पुढचे आतल्या वायरीने जोडलेले असतात आणि ती वायर बऱ्याचदा ढिली असते. मग तीच केबल शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथंही गप्प असेल तर दोष केबलचा. या परीक्षेला दोन मिनिटं लागतात, तरी ती न करता दोन तास घालवणारी माणसं मी बघितली आहेत. त्यात मीही आलो.

चिपमध्ये प्रोग्राम चढवायची काही यंत्रं सुट्या यूएसबी वायरीने जोडायची असतात, तिथं आणखी एक फसगत होते. मोबाईल चार्जरबरोबर आलेल्या काही वायरींत लाल आणि काळी एवढ्या दोनच तारा असतात, हिरवी-पांढरी नसतेच. दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं वायर चांगली आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच, त्यामुळे इथं इंजिनिअरिंगची पोरं भरपूर आणि प्रोजेक्टसाठी आर्डुइनो हा प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड घेऊन बसणारीही भरपूर. “बोर्ड खराब निघाला” म्हणून येणाऱ्या या पोरांना मी आधी वायर बदलायला सांगतो.

डोळ्यांनी बघायला डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की यादीत सापडतो. तो उघडा ठेवून केबल लावा, काढा, परत लावा. यादी हलते. लावल्यावर जी ओळ उगवते आणि काढल्यावर जी मावळते, तीच तुमची केबल. बाकीच्या नावांकडे बघायचंच नाही.

नाव-गाव नीट सांगता आलं पाहिजे

कडी वाजल्यावर लॅपटॉप विचारतो, “कोण?” चिपने आपली माहिती सांगायची असते, लॅपटॉप तिला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो, मग सगळी माहिती पुन्हा सविस्तर घेतो. चिप बोलायचा प्रयत्न करते पण शब्द नीट पोचत नाहीत, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ येते, शेजारी ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’, आणि आत कोड ४३.

कोड ४३ दिसला की नव्वद टक्के लोक ड्रायव्हर शोधायला गुगलवर धावतात. अहो, ज्याचं नावच कळलेलं नाही त्याची ओळख कोण पटवणार? कुठला ड्रायव्हर लावायचा हे लॅपटॉपलाच अजून माहीत नाही. या वेळी ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ असली सॉफ्टवेअर उतरवून घेतली तर केबल सुरू होत नाहीच, वर लॅपटॉपला नवी रोगराई लागते. कोड ४३ बहुतेक वेळा तारेचा, सांध्याचा, ओलाव्याचा, नाहीतर चिप भाजल्याचा आजार असतो. यूएसबी वायर पाच मीटरच्या पुढे ताणली असेल तरी हेच होतं. एखाद्या वेळी लॅपटॉपचा पोर्टच रुसलेला असतो. पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मिनिटभराने चालू केला की सुधारतो. तेवढं करून बघायला हरकत नाही.

ओलाव्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे तो मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये खानापूरच्या बाजूला एका शेडमध्ये गेलो होतो. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. केबल पॅनेलच्या आतच, खालच्या बाजूला गुंडाळून ठेवलेली. “पॅनेलमध्ये सेफ राहते ओ,” असं तिथला फिटर म्हणाला. लावली की कोड ४३, हलवली की दोन सेकंद बरी, परत कोड ४३. टोपणाच्या सांध्यात पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून ते उघडलं. आत हिरव्या तारेच्या सोल्डरिंगवर तांब्याच्या भांड्याला चढतो तसला हिरवट-निळा कळंक चढला होता. तार सुटली नव्हती, कळंकाच्या आधाराने नुसती टेकून होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासलं, तार कापून नव्याने सोल्डर केली, वर हीट श्रिंक चढवलं. केबल अजून चालते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, केबल झाकणाच्या डब्यात ठेवा आणि नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिकाची पुडी त्यात टाका.

ओळख पटवणारा: ड्रायव्हर

आता नाव-गाव कळलं. यूएसबीत नाव-गाव म्हणजे दोन आकडे: व्हीआयडी हा चिप बनवणाऱ्याचा, पीआयडी हा त्या वस्तूचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. हा आकडा म्हणजे केबलचं आधार कार्ड. पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा यावर विश्वास ठेवा.

नेहमी भेटणारी मंडळी मोजकी आहेत. व्हीआयडी ०४०३ असेल तर स्कॉटलंडच्या एफटीडीआयची चिप. तिच्याबरोबर पीआयडी ६००१ असला तर एफटी२३२. ०६७बी आणि २३०३ म्हणजे तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे चीनची सीएच३४०, जी स्वस्त केबलींत आणि आर्डुइनोच्या कॉपी बोर्डांत असते. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्सची. केबल कुठल्याही पीएलसीची असो, ड्रायव्हर या चिपचा लागतो, पीएलसी कंपनीचा नव्हे. नेमकी इथंच लोकांची गाडी घसरते: पीएलसीचं नाव टाकून ड्रायव्हर शोधत बसतात. तो चिप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावा, आणि कोड २८ दिसत असेल, म्हणजे ‘ड्रायव्हरच नाही’, तर तेवढ्याने काम होतं.

ड्रायव्हर टाकला तरी त्या ओळीवरचा पिवळा त्रिकोण, म्हणजे बिघाडाची खूण, जात नाही, हा पुढचा प्रकार. इथं नकली चिपांची गोष्ट सांगायला पाहिजे.

एफटीडीआय आणि प्रोलिफिक यांच्या चिपांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर. नकली चिपही नाव तेच सांगते, व्हीआयडी-पीआयडी तेच, त्यामुळे ती कंपनीचाच ड्रायव्हर फुकटात वापरते. कंपन्या वैतागल्या. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआयचा एक नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तो नकली चिप ओळखून तिचा पीआयडी चक्क शून्य करून टाकायचा. काल चालणारी केबल आज मेलेली, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी मेलेलीच, कारण आकडा चिपमध्येच बदललेला. जगभर ओरड झाली, तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. प्रोलिफिकची पद्धत सौम्य आहे. तिचा नवा ड्रायव्हर नकली किंवा फार जुनी चिप दिसली की काम करायला नकार देतो. कधी कोड १० देतो, कधी डिव्हाइसच्या नावाच्या जागी सरळ इंग्रजीत लिहितो की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, तुमच्या विक्रेत्याशी बोला. नाहीतर ही प्रोलिफिकची पीएल२३०३ नव्हेच, असं. आमच्याकडे एकाने हा निरोप वाचून खरोखरच विक्रेत्याला फोन लावला. विक्रेत्याने त्याला लॅपटॉप फॉरमॅट करायला सांगितलं.

यावर तात्पुरता उतारा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ असं करत गेलं की पूर्वी टाकलेल्या ड्रायव्हरांची यादी तारखांसह येते. त्यातला जुना निवडला की बऱ्याच वेळा केबल चालू होते. पण विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर आणून बसवतं, आणि नेमकं गिऱ्हाइकाच्या मशीनपुढं उभं असताना बसवतं. माझं मत विचाराल तर घरी शिकायला नकली केबल ठीक. पण ज्या मशीनवर शिफ्ट थांबलीय तिथं चांगल्या चिपची केबल घ्या. तासाभराच्या बंद प्रेसचं नुकसान केबलच्या किमतीपेक्षा जास्त असतं.

जुन्या केबलींचं आणखी एक दुखणं म्हणजे सही. नव्या ६४ बिट विंडोजला डिजिटल सहीचा ड्रायव्हर लागतो, नसेल तर कोड ५२. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचा पहारेकरी चालू असला तर तो काही जुने ड्रायव्हर दारातच अडवतो. तो बंद करता येतो, पण ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात तिथं असले प्रयोग नकोत. मी एक जुना विंडोज ७ चा लॅपटॉप याच कामाला ठेवलाय. बॅटरी दमलेली, दोन बटणं गळालेली, नेटला कधी जोडत नाही. माझ्या घरातल्यांना तो भंगार वाटतो.

खोली नंबर

ओळख पटली की केबल ‘पोर्ट्स’ या मथळ्याखाली दिसते आणि कंसात तिला कॉम पोर्टचा, म्हणजे सीरियल पोर्टचा, नंबर मिळतो. कॉम ३, कॉम ७, काहीही. पीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच नंबर निवडायचा असतो. “दाखवेना झालंय” म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण इथं असतात. विंडोजला केबल दिसते, सॉफ्टवेअर मात्र कॉम १ ला हाका मारत बसलेलं.

केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली की नंबर बदलू शकतो. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या केबली लावल्या की नंबर कॉम २३ वगैरेपर्यंत चढतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरला एवढे मोठे नंबर दिसतच नाहीत. तेव्हा पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘ॲडव्हान्स्ड’ इथून नंबर बदलून कॉम २ किंवा ३ करा. ‘इन यूज’ म्हणून अडवलं तर घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ केलं की पूर्वी लावलेल्या केबलींची फिकट भुतं दिसतात. खोल्या अडवून बसलेली ती भुतं अनइन्स्टॉल करा. आणि एका पोर्टवर एका वेळी एकच सॉफ्टवेअर बसू शकतं. मागे दुसरं काही उघडं राहिलं असेल तर तेही बंद करा.

काही केबली कॉम पोर्ट बनवतच नाहीत, हेही लक्षात असू द्या. एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप; तिच्यासाठीचा यूएसबी ब्लास्टर यूएसबी कंट्रोलरांच्या यादीत बसतो. तिथं कॉम पोर्ट शोधणं म्हणजे बेळगावच्या गोवावेसला उतरून पणजी शोधण्यासारखं.

या खोलीच्या भानगडीतली मला सगळ्यात आवडलेली केस उसाच्या वजनकाट्यावरची. काट्याचा डिजिटल इंडिकेटर केबलने कॉम्प्युटरला जोडलेला. तक्रार अशी की कॉम्प्युटर चालू केला की माऊसचा बाण पडद्यावर नाचतो, आपोआप क्लिक होतात. तिथल्या क्लार्कला व्हायरसची खात्री होती, एकजण तर करणीबद्दल बोलत होता. झालं होतं एवढंच: इंडिकेटर न थांबता सतत वजनाचे आकडे पाठवत असतो. विंडोज सुरू होताना सीरियल पोर्टवर कोण आहे ते चाचपून बघतं, तेव्हा हा आकड्यांचा पाऊस त्याला जुन्या सीरियल माऊसच्या हालचालींसारखा वाटला. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, आणि आत उसाचं वजन माऊस हलवत होतं! डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत ‘सीरियल बॉलपॉइंट’ नावाचा एक जास्तीचा माऊस उगवला होता. तो डिसेबल केला, नाच थांबला.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. केबल लावून ‘डीमेसेज’ची शेवटची ओळ बघा, तिथं टीटीवाययूएसबी० असं नाव दिसायला पाहिजे. परवानगी नाकारली तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ची केबल दिसून लगेच गायब होत असेल तर ‘बीआरएलटीटीवाय’ हा अंधांच्या ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्राम तिला आपलं यंत्र समजून ओढून नेतोय. तो लागत नसेल तर काढून टाका.

गप्पा, आणि कुठल्या भाषेत

केबल दिसते, नंबर बरोबर आहे, तरी पीएलसी उत्तर देत नाही. आता पहिला प्रश्न: दोष केबलचा की पलीकडचा? नऊ पिनांची आरएस-२३२ (सीरियल भाषेचा एक प्रकार) केबल असेल तर याचा निकाल एका पेपर क्लिपने लागतो. पीएलसीपासून केबल सोडवा. पिन २ आणि ३ क्लिपने जोडा. २ म्हणजे कान, ३ म्हणजे तोंड. आपलंच तोंड आपल्याच कानाला लावलं. मग पुट्टी किंवा टेरा टर्म हे सीरियल पोर्टशी बोलायचं सॉफ्टवेअर उघडून तो कॉम पोर्ट निवडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर उमटलं तर दुभाषा ठणठणीत. क्लिप काढली की उमटायचं थांबलं पाहिजे; नाही थांबलं तर लोकल एको (टाइप केलेलं सॉफ्टवेअरनेच परत दाखवायची सोय) चालू राहिलाय आणि तुम्ही स्वतःलाच फसवताय.

पुढचा भाग आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला सोपा. खडेबाजारात दुकानदार समोरच्याचं तोंड बघून ठरवतो, मराठीत बोलायचं की कन्नडमध्ये की हिंदीत. चुकलं तर दुसऱ्या वाक्याला बदलतो. पीएलसीला एवढी समज नाही. त्याची भाषा पहिल्या अक्षरापासून जुळली पाहिजे, नाहीतर तो ढिम्म.

भाषा दोन थरांत जुळवायची. एक विजेचा थर. डेल्टाच्या डीव्हीपी पीएलसीचा गोल आठ पिनांचा पोर्ट आरएस-२३२ बोलतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेचा तसाच दिसणारा गोल आठ पिनांचा पोर्ट आरएस-४२२ बोलतो. तोंड सारखं, केबल एकमेकांत बसते, आणि काम शून्य. एकाच डब्यात दोन्ही केबली ठेवणाऱ्यांनी त्यांना रंगीत टेप गुंडाळावी. माझ्याकडे डेल्टाला निळी, मित्सुबिशीला लाल. दुसरा थर वेगाचा आणि अक्षराच्या घडणीचा. डेल्टा डीव्हीपी आणि मित्सुबिशी एफएक्स दोन्ही मुळात ९६००, सात बिट, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप यावर असतात. सीमेन्सचा जुना एस७-२०० मात्र ९६०० वर आठ बिटांत बोलतो. आधी कोणी सेटिंग बदलून ठेवलं असेल तर सॉफ्टवेअरमधल्या ‘ऑटो डिटेक्ट’ला एक संधी द्या.

गोल तोंडाच्या पिना बारीक असतात, अंधारात रेटून लावल्या की वाकतात. बॉलपेनची रिकामी रिफिल त्या पिनेवर चढवून हळूच सरळ करा. पकडीने केली तर तुटते.

एक गोष्ट मात्र केबल जोडण्याआधीच बघायची. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा शेडमधल्या बोर्डाची अर्थिंग नावालाच असेल, तर चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. मीटर लावलं तर तिथं आणि अर्थमध्ये शंभर-एक व्होल्ट एसी दिसतात. करंट एरवी अगदी कमी असतो, पण केबल पीएलसीत घालताना तेवढा झटका चिपमधून जातो आणि केबल, नाहीतर पीएलसीचा पोर्ट जातो. पीएलसीचा पोर्ट गेला तर खर्च मोठा. म्हणून जोडताना चार्जर काढून बॅटरीवर काम करा. मोटर सुरू झाली की केबल तुटून परत जोडली जाते, असं होत असेल तर केबल पॉवरच्या वायरींपासून लांब न्या, किंवा सरळ आयसोलेटेड केबल घ्या. तिच्यात लॅपटॉप आणि मशीन यांच्यात विजेचा धागाच नसतो.

फोन करायच्या आधी तीन फोटो पाठवा, म्हणजे माझं पेट्रोल वाचेल: हार्डवेअर आयडीचा, पोर्टच्या ओळीचा, आणि पीएलसीच्या तोंडाचा. गेल्या आठवड्यात रात्री नऊला एकाने तिन्ही बिनचूक पाठवले. आयडी बरोबर, कॉम ४ बरोबर, त्रिकोण नाही. तिसरा फोटो मी मोठा करून बघितला. पीएलसीवरचा एकही दिवा पेटलेला नव्हता.

“अरे, पॅनेलचा एमसीबी वर आहे काय?”

खडखडाट. मग दोन सेकंद शांतता.

“चालू झालं ओ दादा. ठेवतो.”